गुणी चावत नाही, घाबरतो

नाही नाही, हात मिळवणार नाही मी. राग मानू नका. तुम्ही एवढ्या प्रेमानं हात पुढे केलात, पहिल्या रांगेतले काका तर खुर्चीतून अर्धे उठले... बसा काका, बसा. माझा उजवा हात खिशात आहे आणि तूर्त तो खिशातच राहणार. का ते सांगतो. सांगणारच आहे, त्यासाठीच तर उभा राहिलोय! पण आधी मला एक सांगा, तुम्हाला कधी कुणी चावलंय का? म्हणजे शब्दांनी नाही, शब्दांनी सगळेच चावतात. चोचीनं! चोचीनं चावलंय का? आणि चावून झाल्यावर, बोटातून रक्त ठिबकत असताना, घरातल्या माणसांनी तुमच्याकडे नाही, चावणाऱ्याकडे बघून म्हटलंय का, "अगं बाई, केवढा दचकला बिचारा!"

आमच्या घरात म्हणतात. रोज म्हणतात. घरात आम्ही चौघं. आई, बाबा, धाकटी बहीण आणि मी. आणि पाचवा गुणी. गुणी म्हणजे पोपट, वय वर्षं शून्य, महिने पाच. नाव आईनं ठेवलं, पहिल्याच दिवशी, नीट ओळख व्हायच्या आत. नाव ठेवायची घाई करू नये माणसानं... माझंही असंच घाईत ठेवलेलं आहे, पण ते जाऊ दे.

तर तुम्हाला सांगतो, मी रंगाच्या दुकानात कामाला आहे. भिंतींचे रंग. गिऱ्हाईक येतं, हातात उशीचा अभ्रा असतो, म्हणतं, "भिंत अश्शी पाहिजे." मग मी पांढऱ्यात थेंब थेंब रंग टाकतो, ढवळतो आणि त्याला उशीच्या अभ्र्याची भिंत करून देतो. आता आमच्या मालकांची एक पद्धत आहे. रंग जमला की नाही हे कागदावर बघायचं नाही. "कागद खोटं बोलतो!" मालक असे घशातून बोलतात, डबा घासल्यासारखे. "हातावर बघ! भिंत म्हणजे काय? घराची कातडी! मग कातडीवरच बघायला नको का?" म्हणून ओला रंग बोटांत चोळायचा, हाताच्या पाठीवर फासायचा, वाळला की उन्हात जाऊन बघायचा. एकदा मी हातमोजे घातले, तर मालक माझ्याकडे बघत राहिले, जणू मी आंघोळीला छत्री घेऊन निघालोय.

हे सगळं का सांगतोय? तर पोपटाचं वर्णन करायला. कारण मला माणूस दिसत नाही हो, शेड दिसते. गुणीच्या अंगाचा हिरवा आमच्या शेड कार्डवर आहे. नंबर दोनशे चौदा. आणि त्या शेडचं नाव काय माहितीये? "शांत कुरण." शांत! कंपनीवर दावा ठोकायला हवा!

मी आणला त्याला. मीच! आमच्या दुकानात येणारा एक रंगारी आहे, त्याच्या घरी पोपटांची जोडी, त्यांना पिल्लं झाली, तो म्हणाला, "एक घे." मी घेतलं. का घेतलं? लहानशी इच्छा होती माझी. संध्याकाळी मी दार उघडलं की घरात कुणीतरी आनंदानं ओरडावं. ओरडतात आत्ताही, नाही असं नाही. "पाय पूस!" म्हणून ओरडतात. पण आनंदानं...

आणि पहिला आठवडा काय सुरेख गेला! मी घरीच होतो, दुकान आठवडाभर बंद होतं, रंगकामासाठी. हसू नका, रंगाच्या दुकानाच्याच भिंतीचे पोपडे पडले होते. आठ दिवस मी घरी आणि गुणी माझ्या हातावर. हातावर खायचा, हातावर झोपायचा. आई म्हणायची, "अरे, त्याला खाली ठेव, पंख आहेत की नाहीत ते विसरेल." आणि नवव्या दिवशी मी कामावर गेलो, संध्याकाळी आलो, दार उघडलं, म्हटलं, "गुण्या!" आणि हात पुढे केला...

कच्च!

तुम्हाला वाटेल, पोपट केवढा, त्याची चोच केवढी, काय ते चावणार? त्याची चोच म्हणजे टाचणी नाही हो, अडकित्ता आहे! वरची बाजू रुतते, खालची बाजू फिरते. म्हणजे नुसतं चावत नाही, चावून झाल्यावर त्यावर विचार करतं! मी अशी किंकाळी मारली की शेजारच्यांनी दार लावून घेतलं. उघडलं नाही, लावून घेतलं. अशी आमची शेजारधर्माची परंपरा.

आणि आई धावत आली. कुणाकडे? त्याच्याकडे! "काय केलंस रे त्याला?"

"मी? मी काय केलं? त्यानं मला केलं!"

"उगीच कसा चावेल? माझ्या हातावर बघ कसा बसतो." आणि आईनं हात पुढे केला, आणि तो चालत, अगदी लग्नातल्या नवरदेवासारखा मान वर करून, तिच्या हातावर गेला. मग बाबांच्या खांद्यावर. मग धाकटीच्या डोक्यावर बसून तिच्या केसांत चोच घालून काहीतरी गुपित सांगत बसला. मी पुन्हा हात पुढे केला. कच्च!

दुसऱ्या दिवशी कच्च. तिसऱ्या दिवशी कच्च. सगळ्यांना सोडून फक्त मला! आणि माझी पंचाईत अशी की माझ्यावर घरात कुणाचा विश्वास नाही. आता त्याला थोडासा मीच जबाबदार आहे. दोन वर्षांपूर्वी मी बाबांना सांगितलं होतं की टीव्हीचा नवा रिमोट आवाजावर चालतो, आणि मी लपून दुसऱ्या रिमोटनं चॅनल बदलायचो. बाबा चार दिवस रिमोट तोंडाजवळ धरून "बातम्या... कृपया बातम्या" करत होते. आता बाबा ग्रंथालयात काम करतात, त्यांना हळू बोलायची सवय, म्हणून मी म्हणायचो, "बाबा, जरा मोठ्यानं, त्याला ऐकू जात नाही." तर असा माझा इतिहास. मग पोपट चावल्यावर मी कितीही शपथा घेतल्या तरी धाकटी काय म्हणणार? "दादा, खरं सांग. मिरची दाखवलीस ना त्याला?"

मग सल्ले सुरू झाले. फुकटचे सल्ले घ्यायचे असतील ना, तर एक बोट बांधा आणि रस्त्यानं चाला. एक म्हणाला, चोचीवर टिचकी मार. दुसरा म्हणाला, तोंडावर फुंकर मार. बाबा म्हणाले, "जाड हातमोजे घाल." मला पटलं. ओव्हनमधून गरम भांडं काढायचा हातमोजा असतो ना, कापसाचा, फुलाफुलांचा, तो घातला आणि गेलो पिंजऱ्यापाशी. गुणीनं त्या हातमोज्याकडे बघितलं... आणि पाठीवर पडला! दांडीवरून सरळ मागे! पाय वर, डोळे गरगर, चोच उघडी. मला वाटलं, गेला! मी ओरडलो, आई ओरडली, धाकटी रडायला लागली, आणि बाबा, बाबा ग्रंथालयातले ना, बाबा म्हणाले, "शांतता."

मग तो उठून बसल्यावर त्याला घेऊन गेलो पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. डॉक्टर बाई. एकदम मऊ आवाज, एकदम सावकाश हालचाली. फाइल उचलायची तरी आधी फाइलची परवानगी घेतील असं वाटतं. मी माझी दहा बोटं टेबलावर ठेवली, सात बांधलेली. म्हटलं, "डॉक्टर, हा चावतो."

डॉक्टर बाईंनी बोटांकडे ढुंकून बघितलं नाही. गुणीकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघून अशा काही हसल्या, जणू लहान मुलानं चुकीचं अक्षर गिरवलंय. म्हणाल्या, "तो चावत नाही हो. तो घाबरतो."

"अहो, पण रक्त..."

"रक्त तुमचं. भीती त्याची."

मी पट्ट्या बघत बसलो. आणि त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. काय काय सांगितलं! म्हणे, चावायच्या आधी तो दहा वेळा सांगतो, तुम्ही ऐकत नाही. मानेची पिसं फुगली? थांबा. डोळ्यातली बाहुली लहान-मोठी व्हायला लागली? मागे व्हा. अंग आवळून तो मागे झुकला? हात काढा, पण झटकन नाही, सावकाश. टिचकी नाही, फुंकर नाही, हातमोजा तर अजिबात नाही. दुरून, लांब काडीच्या टोकाला सूर्यफुलाची बी ठेवून द्या. तो स्वतःहून पुढे येईल तेवढंच. आणि तो कंटाळायच्या आधी तुम्ही थांबा. "आणि चावलाच," डॉक्टर बाई म्हणाल्या, "तर ओरडायचं नाही. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. तुम्ही ओरडलात की तो आणखी घाबरतो. दगड व्हा."

दगड व्हा! चोच हाडापर्यंत गेलेली आणि चेहरा दगडाचा! पण मी केलं. तुम्हाला सांगतो, मी आरशासमोर सराव केला. धाकटी चिमटा काढायची आणि मी म्हणायचो, "बरं." एवढंच. चिमटा... "बरं." धाकटीला एवढा आनंद वर्षानुवर्षं झाला नव्हता, ती सराव थांबवायलाच तयार नाही! आणि घरातले सगळे आता डॉक्टर झाले. मी जरा हुं केलं की आई स्वयंपाकघरातून, "चावत नाही रे तो, घाबरतो!" बाबा पेपरमागून, "घाबरतो." खालचा वॉचमनसुद्धा, ज्याचा आमच्या घराशी काडीचा संबंध नाही, तो माझी बोटं बघून म्हणतो, "साहेब, घाबरत असेल तो." आणि मी? मी घाबरत नाही का हो? माझी पिसं फुगलेली कुणाला दिसत नाहीत!

बरं, हे घरापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. एक दिवस दुकानात एक दातांच्या डॉक्टर आल्या, त्यांना दवाखान्यासाठी पांढरा हवा होता. नमुन्याचा छोटा डबा मी ढवळत होतो आणि माझ्या बोटाची पट्टी सुटली. कधी सुटली, किती गळलं, मला कळलंच नाही, कारण मला दगड व्हायची सवय लागली होती. दातांच्या डॉक्टर नमुना घेऊन गेल्या. चार दिवसांनी परत आल्या, चेहरा असा उजळलेला, म्हणाल्या, "काय शेड आहे हो! पांढरा, पण आत कुठेतरी गुलाबी! पेशंटला बघूनच शांत वाटतं. मला याचेच वीस लिटर द्या."

मालकांनी त्या नमुन्यात काय काय घातलं त्याचा कागद बघितला. कागदावर नुसता पांढरा. माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटाकडे बघितलं. वीस लिटरच्या डब्याकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं, नखशिखांत, माणूस माप घेताना बघतो तसं. आणि म्हणाले, "नाही... पुरणार नाही."

ती गोष्ट मी घरी गंमत म्हणून सांगितली. चूक झाली! आईचा चेहराच बदलला. म्हणाली, "बास झालं. हाताला जंतू झाले म्हणजे? रविवारी मावशी येतेय. तिच्याकडे मोठी बाल्कनी आहे, ती घेऊन जाईल त्याला."

"आई, माझा पोपट आहे तो!"

"तुझा? तुझ्या हातावर बसत तरी का? ज्यानं आणला त्यालाच चावतो. हे काय पाळणं झालं? त्याचेही हाल, तुझेही हाल." आणि मग, आई आहे ना शेवटी, जरा मऊ होऊन म्हणाली, "रविवारपर्यंत वेळ आहे. मावशीसमोर तुझ्या हातावर एक मिनिट बसू दे. पूर्ण एक मिनिट, न चावता. बसला तर राहील."

एक मिनिट! तुम्हाला वाटेल, एक मिनिट म्हणजे काय? अहो, सात बोटं बांधलेल्या माणसाला विचारा एक मिनिट म्हणजे काय!

सोमवारी कामाला लागलो. दुकानातून रंग ढवळायची काडी आणली, कोरी, टोकाला कंपनीचा हिरवा पट्टा असलेली. पट्ट्यावर बी ठेवली आणि पिंजऱ्यापासून हातभर लांब उभा राहिलो. पिसं फुगली, थांबलो. बाहुली फिरली, मागे झालो. पिसं बसली, पाऊलभर पुढे. असं मागेपुढे, मागेपुढे... बाबांनी विचारलं, "नाच शिकतोयस का?" पण घेतली! त्यानं बी घेतली! मंगळवारी काडीवर पाय ठेवला. बुधवारी काडीवर चढला! आणि मी रोज वहीत लिहीत होतो, कारण डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं, कधी चावला, त्याआधी काय झालं, सगळं लिहा. मी लिहिलं. माझ्या सवयीनं लिहिलं.

पण हात? हात नेला की कच्च. काडी चालते, हात चालत नाही! दुकानातल्या फुकटच्या काडीवर विश्वास, आणि ज्या हातावर आठ दिवस झोपला त्या हातावर नाही. गुरुवारी तो मला चावला आणि मी ओरडलो नाही, "बरं" म्हणालो, आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून उभा राहिलो. हाताला नाही लागलं हो एवढं...

शनिवारी दुपारी वही घेऊन डॉक्टर बाईंकडे गेलो. म्हटलं, "उद्या जाणार हा. शेवटचं बघा." त्यांनी वही उघडली. वाचत गेल्या. मऊ आवाजात वाचत गेल्या. "सोमवार, निळा, नंबर सत्तर, कच्च... मंगळवार, शेंदरी, कच्च... बुधवार, जांभळा, दोनदा कच्च..." थांबल्या. "हे रंग कसले?"

म्हटलं, "त्या त्या दिवशीचे. दुकानात जो जास्त गेला तो. म्हणजे दिवस लक्षात राहावा म्हणून."

"हात बघू."

मी हात दाखवला. शाळेच्या फाटकासाठी तेलाचा रंग काढला होता, मनगटापर्यंत विटकरी. डॉक्टर बाईंनी माझा हात बघितला, पहिल्यांदाच नीट बघितला. "आज हा. काल?"

"पिवळा."

"आणि तो पहिला आठवडा, जेव्हा हातावर झोपायचा?"

"तेव्हा दुकान बंद..." आणि मी माझ्या विटकरी हाताकडे बघितलं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "अहो, त्याच्या बाजूनं विचार करा. संध्याकाळ झाली की ओळखीचा आवाज येतो, 'गुण्या!' तो आनंदानं पुढे येतो. आणि त्या आवाजाच्या पुढे रोज एक नवा प्राणी! पाच पायांचा! कधी निळा, कधी शेंदरी, कधी जांभळा! त्याला वाटतं, कालच्याला पळवून लावलं, आज दुसरा आला. तो तुम्हाला चावत नव्हता. तो तुमची वाट बघत होता, आणि हे प्राणी मध्ये येत होते."

इतके दिवस मला वाटत होतं की घरात तो माझा एकट्याचाच राग राग करतो. आणि तो बिचारा रोज संध्याकाळी पाच पायांच्या राक्षसाशी माझ्यासाठी लढत होता!

म्हटलं, "मग हात धुऊन येतो!"

धुतला. संध्याकाळभर धुतला. तेल चोळलं, साबण चोळला, घासणी चोळली. विटकरी गेला. खालून काय निघालं? सोललेला लालभडक! म्हणजे आणखी एक नवा प्राणी! धाकटी म्हणाली, "दादा, हा तर सगळ्यात भयंकर आहे."

मी ओट्यापाशी टेकलो. पिंजऱ्यात गुणी ती काडी धरून बसला होता, हिरवा पट्टा गालाला लावून. आणि तेव्हा माझ्या डोक्यात... मी रंग जमवणारा माणूस आहे हो! मला दुसरं काय येतं? डॉक्टर बाईंना फोन केला. म्हटलं, "काडी रोज तीच होती. रोज हिरवी. मग हात हिरवा केला तर?" त्या म्हणाल्या, "भिंतीचा रंग अजिबात नाही. खायचा रंग वापरा. आणि... मला कळवा."

धाकटीच्या केकच्या सामानातून हिरवी बाटली काढली. त्यात दोन थेंब पिवळा, जरासा निळा, बशीत जमवला, काडीशी लावून बघितला, थेंबभर आणखी पिवळा... आणि मालकांची आठवण काढून हातावर बघितला. जमला! असा जमला की काडी कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो ते कळेना.

रविवार. मावशी आली, मोठा पिंजरा मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली. आईनं कुकरसाठीचं घड्याळ आणलं, एक मिनिट लावलं. मी हिरवा हात बाहेर काढला. मावशी म्हणाली, "अगं, याला काय झालंय?" आई म्हणाली, "विचारू नकोस, टवाळ आहे तो." मी पुढे गेलो. पिसं फुगली, थांबलो. पिसं बसली, पुढे. बोटावर बी ठेवली. काडी शेजारी धरली. गुणीनं काडी बघितली. हात बघितला. काडी बघितली. "गुण्या," म्हटलं, हळूच.

एक पाय. दुसरा पाय. बसला!

घड्याळ टिकटिकतंय. वीस सेकंद. तीस. चाळीस सेकंदांना त्यानं मान वाकवली आणि चोच माझ्या बोटावर ठेवली... धाकटीनं डोळे मिटले. आईनं स्वतःची बोटं मुठीत लपवली. मी दगड. चोच बोटावर फिरतेय, जिथे जिथे जखम आहे तिथे तिथे फिरतेय, आणि मग त्यानं बी उचलली, खाल्ली, एक पाय पोटात ओढून घेतला आणि पिसं फुलवून डोळे मिटले. पहिल्या आठवड्यात मिटायचा तसे. दोन अंड्यांएवढं वजन हो त्याचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रंगाच्या वासानं असेल. खायच्या रंगाला वास नसतो, पण आला असेल.

घड्याळ वाजलं. आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. मावशी मात्र पुढे आली, "अगं बाई, किती गोड! ये रे सोन्या," म्हणत हात पुढे केला...

कच्च!

आणि आम्ही चौघं एका आवाजात, "तो चावत नाही, तो घाबरतो!"

मावशी रिकामा पिंजरा घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. गुणी राहिला. इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? माझीही तीच इच्छा होती. पण आता त्याला वाटायला लागलं की हिरवा तो आपला, बाकीचे ते प्राणी! बुधवारी तो आईला चावला. आईला! "मला? मी नाव ठेवलं त्याचं!" दोन दिवस आई त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी आई उभी, पाठमोरी, काहीतरी लपवतेय. म्हटलं, "आई, हात बघू." मनगटापर्यंत हिरवा! मग धाकटी. मग बाबा. बाबा आता ग्रंथालयात हिरव्या हातानं पुस्तकांवर शिक्का मारतात. एक फायदा झालाय, लोक पुस्तकं वेळेत परत करतात आणि लगेच निघून जातात.

यातून सुटका आहे, नाही असं नाही. मी एक शेड कार्ड केलंय. या हिरव्यापासून माझ्या कातडीच्या रंगापर्यंत चाळीस पायऱ्या, दर आठवड्याला एकेक थेंब कमी, त्याला कळणारही नाही. डॉक्टर बाईंनी ते कार्ड दवाखान्यात लावलंय. दुकानात मी आता डाव्या हातावर रंग बघतो, घरी डावा खिशात, बाहेर उजवा खिशात. सध्या मी तिसऱ्या पायरीवर आहे. सदतीस आठवडे राहिले. पण संध्याकाळी दार उघडलं ना, की आतून असा काही आनंदानं ओरडतो... तेवढ्यासाठी चाळीस काय, साठ पायऱ्या उतरेन.

तर असं आहे. आता सगळं सांगितलंच आहे, तर लपवण्यात काय अर्थ? काका, मघाशी तुम्ही हात पुढे केला होतात. हा घ्या... हा बघा, बाहेर काढला...

काका? अहो काका, खुर्ची किती मागे नेलीत! अंग कशाला आवळताय? डोळे का असे लहान-मोठे... आणि मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही पर्स का धरलीत छातीशी?

कळलं. मागे होतो मी. सावकाश. हे बघा, झालो.

राग नाही हो माझा तुमच्यावर. मला माहितीये. तुम्ही काही चावत नाही. तुम्ही घाबरता.

बी ठेवू का काडीवर?